एडोची रात्र आणि टोकियोची रात्र

नगराचा इतिहास म्हणजे त्याच्या दिवसाचा इतिहास, असा एक अलिखित संकेत इतिहासकारांत रूढ झालेला दिसतो. दरबार भरतात ते दिवसा, तह होतात ते दिवसा, कचेऱ्यांची दप्तरे सुटतात तीही दिवसाच. त्यामुळे साधनांचा सारा ढीग साहजिकच दिवसाच्या बाजूला पडतो. रात्र कागदावर येते ती आग लागली, चोरी झाली किंवा दंगा उसळला तर. एरवी दिवे लागल्यापासून ते कोंबडा आरवेपर्यंत लक्षावधी माणसे कशी वावरली, कोणत्या उजेडात एकमेकांची तोंडे पाहत होती, याविषयी दप्तरे मुकी असतात. जपानची राजधानी याला एक सुखद अपवाद आहे. तेथील लाकडी ठशांच्या चित्रांनी नगराच्या रात्रीची नोंद सुमारे दीडशे वर्षे सातत्याने केली. आणि या दीडशे वर्षांत त्या नगराचे नाव बदलले, राज्यकर्ते बदलले, दिव्यांतले तेल जाऊन गॅस आला व गॅस जाऊन वीज आली. म्हणून या चित्रांकडे केवळ रसिकाच्या दृष्टीने न पाहता एक ऐतिहासिक साधन म्हणून पाहावे, असा या लेखात आमचा प्रयत्न आहे.

या नोंदीतील दोन सर्वांत मोठी नावे आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटतील असा आमचा समज आहे; कारण ती दोन्ही माणसे मुळात सरकारी नोकरीतली. एक होता राजधानीच्या किल्ल्यावरील आगवाल्या पथकाचा लहानसा अधिकारी, आणि दुसरा सरकारी धान्यकोठारावरील एका कनिष्ठ अंमलदाराचा मुलगा. पहिल्याने आपली नोकरी आपण होऊन सोडली. दुसऱ्याची नोकरी त्याचे सरकारच बुडाल्यामुळे गेली. या दोघांच्या रात्री एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे मधल्या वीस वर्षांत काय घडले ते कोणत्याही बखरीपेक्षा अधिक स्पष्ट दिसते.

प्रथम ही चित्रे तयार कशी होत ते थोडक्यात सांगितले पाहिजे. चित्रकार पातळ कागदावर काळ्या शाईने रेखाचित्र काढी. तो कागद रानचेरीच्या गुळगुळीत फळीवर पालथा चिकटवून कोरणारा कारागीर रेषा तेवढ्या ठेवून बाकीचे लाकूड काढून टाकी. हा झाला मूळ ठसा. मग प्रत्येक रंगासाठी निराळी फळी कोरावयाची, आणि सर्व फळ्यांवर एकाच ठिकाणी खाचा ठेवून कागद त्या खाचांना नेमका भिडवावयाचा, म्हणजे रंग रेषेबाहेर जात नाही. छापण्यासाठी यंत्र नव्हते. रंग लावलेल्या फळीवर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला चिवट कागद ठेवून, वेळूच्या पानात गुंडाळलेल्या चकतीने तो पाठीमागून घासीत. चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि भांडवल घालणारा प्रकाशक अशा चौघांचा हा धंदा होता, आणि एका चित्राची किंमत वाडगाभर शेवयांच्या आसपास असल्यामुळे ते सामान्य गिऱ्हाइकाच्याही आटोक्यात होते. दरबारी चित्रकला राजवाड्याच्या पडद्यांवर राहिली. ही चित्रे मात्र दुकानातून खरेदी होऊन घरोघरी गेली. त्यामुळे त्यांत जे नगर दिसते ते गिऱ्हाइकाच्या ओळखीचे असणे भागच होते.

परंतु या कलेचा प्राण रेषेत आहे, आणि रात्र तर रेषा पुसून टाकते. मग रात्र छापावयाची कशी? अनेक रंगांचे ठसे एका चित्रात वापरण्याची पद्धत १७६५ च्या सुमारास प्रस्थापित झाली. तिचा अग्रणी सुझुकी हारुनोबु याने हा प्रश्न सरळ रीतीने सोडवला. त्याच्या एका प्रसिद्ध चित्रात एक तरुणी हातात कंदील उंच धरून फुललेल्या आलुबुखाऱ्याची डहाळी पाहते आहे. मागचे आकाश एकसलग काळे; पण तरुणीचा चेहरा, तिच्या वस्त्रावरील नक्षी, सारे काही दुपारच्या उन्हात दिसावे इतके स्वच्छ. काळे आकाश आणि कंदील ही रात्रीची खूण झाली. रात्रीचा परिणाम तेथे नाही. राजस्थानात ज्यांची नेमणूक झाली असेल त्यांनी तेथील लघुचित्रांतील अभिसारिका पाहिल्या असतील. वर गडद आकाश, त्यात चंद्र व चांदण्या, आणि खाली नायिकेच्या पायांतील पैंजणाचा मणीसुद्धा मोजून घ्यावा असा उजेड. दोन्ही ठिकाणी संकेत एकच आहे. पाहणाऱ्याने रात्र आहे हे मान्य करावे आणि चित्रकाराने त्याला काहीही दिसावयाचे ठेवू नये, असा तो करार होता.

हा करार ज्या एडो नगरात चालला त्याची रात्र प्रत्यक्षात फार काळोखी असे. अठराव्या शतकात एडोची वस्ती दहा लाखांच्या घरात गेली होती. पण घरातला दिवा म्हणजे कागदी आडोशाच्या आत जळणारी मोहरीवर्गीय बियांच्या तेलाची वात, आणि गरिबाघरी मासळीच्या तेलाची, धुराची व वासाची. मेणबत्ती ही महागाची वस्तू होती. रात्री दहाच्या सुमारास पेठापेठांच्या वेशी बंद होत, आणि बाहेर पडणाऱ्यास हातात कंदील घेऊन पहारेकऱ्याला सामोरे जावे लागे. लाकूड, कागद आणि गवती चटया यांचे ते नगर. तेथे दिव्याची धास्ती अंधारापेक्षा मोठी होती. १६५७ च्या आगीत एडोचा फार मोठा भाग भस्म झाला होता, आणि त्यानंतरही आगी इतक्या नित्याच्या झाल्या की त्यांना ‘एडोची फुले’ म्हणू लागले. नाटकेसुद्धा आगीच्या भयाने दिवसाउजेडी होत. अशा नगरात रात्रभर दिवे जळण्याची ठिकाणे मोजकीच. त्यांत योशिवारा हा कलावंतिणींचा वेशीबंद मोहल्ला मुख्य, आणि म्हणूनच रात्रीच्या जुन्या चित्रांत त्याची इतकी गर्दी आहे. त्या झगमगाटामागे करारपत्राने विकल्या गेलेल्या मुलींचे जिणे होते, हे ती चित्रे सांगत नाहीत. तीही त्या कराराचीच एक बाजू म्हटली पाहिजे.

आता आमच्या पहिल्या नोकराकडे वळू. उतागावा हिरोशिगे याचा जन्म १७९७ चा. वडील एडोच्या किल्ल्यावरील आगवाल्या पथकात होते. ते वारल्यावर ती वंशपरंपरेची जागा तेराव्या वर्षाच्या आसपास या मुलाकडे आली. पगार तुटपुंजा, काम ठराविक आणि मोकळा वेळ पुष्कळ. त्या वेळात तो चित्रकला शिकला आणि पुढे नोकरी नातलगाच्या स्वाधीन करून पूर्णपणे चित्रांकडे वळला. १८५५ साली एडोत मोठा भूकंप झाला. मोडलेले नगर पुन्हा उभे राहत असताना, १८५६ ते १८५८ या काळात, हिरोशिगेने ‘एडोची शंभर प्रसिद्ध स्थळे’ ही मालिका काढली. नावात शंभर असली तरी चित्रे शंभरावर गेली. ज्याचे बालपण ‘आग कोठे लागली’ हे पाहण्याच्या घरात गेले, त्याला नगराच्या छपरांची ओळख इतरांपेक्षा अधिक असावी यात नवल नाही.

या मालिकेतील रात्री हारुनोबुच्या रात्रींहून निराळ्या आहेत, आणि त्याला एक भौतिक कारणही आहे. १८३० च्या सुमारास युरोपात तयार झालेला एक गडद निळा रंग जपानात स्वस्त झाला. जपानी लोक त्यास बर्लिनच्या नावाने ओळखीत. जुना वनस्पतिजन्य निळा लवकर फिका पडे. हा नवा रंग टिकाऊ, आणि फळीवर ओल्या फडक्याने पुसत नेला की गडदापासून फिक्यापर्यंत हळूहळू विरत जाणारा. या विरत्या छटेला जपानीत ‘बोकाशी’ म्हणतात, आणि ती चित्रकाराच्या कुंचल्याने नव्हे, छापणाऱ्याच्या हाताने प्रत्येक प्रतीवर नव्याने करावी लागते. हिरोशिगेचे रात्रीचे आकाश हे बव्हंशी या अनाम छापणाऱ्यांचे कर्तृत्व आहे. वर काळसर, मध्ये निळे, क्षितिजाशी पांढुरके असे ते आकाश पाहिले की प्रथमच रात्रीला खोली आलेली जाणवते.

त्यातील एक चित्र येथे मुद्दाम पाहू. सरकारने १८४२ च्या सुमारास एडोची नाटकगृहे नगरमध्यातून उचलून कडेच्या सारुवाका पेठेत नेली होती. हिरोशिगेने त्या पेठेचा सरळ, दूरवर निमुळता होत जाणारा रस्ता दाखवला आहे. वर पूर्ण चंद्र, दुतर्फा घरे, मध्ये ये-जा करणारी माणसे, आणि प्रत्येकाच्या पायाशी त्याची सावली. आमच्या वाचकांस यात विशेष काय असे वाटेल. परंतु जपानी चित्रकलेत सावली ही जवळजवळ अज्ञात वस्तू होती. माणूस आहे तर त्याची सावली पडते, हे साधे सत्य शेकडो वर्षे चित्राबाहेर उभे होते. ते या चांदण्या रात्री पहिल्यांदा इतक्या उघडपणे रस्त्यावर आले. तरीही हिरोशिगेचा करार पुरता मोडलेला नाही. सावल्या पडल्या, पण माणसे चांदण्यात झाकोळली नाहीत. त्यांच्या वस्त्रांचे रंग तसेच राहिले. र्‍योगोकु पुलावरील शोभेच्या दारूचे चित्र असो किंवा वर्षअखेरच्या रात्री ओजी येथील झाडाखाली जमणाऱ्या कोल्ह्यांचे असो, त्याची रात्र भीतीची नाही. ती चंद्राची, सणांची आणि दंतकथांची रात्र आहे. ज्या नगरात आपण जन्मलो त्याच नगरात मरू अशा खात्रीने राहणाऱ्याची ती रात्र आहे. हिरोशिगे तसा एडोतच, १८५८ साली, पटकीच्या साथीच्या दिवसांत वारला.

त्यानंतर दहा वर्षांत एडो हे नावच उरले नाही. १८६८ च्या आरंभी क्योतोजवळील तोबा-फुशिमीच्या लढाईत तोकुगावा शोगुनाच्या फौजेचा मोड झाला, वसंतात एडोचा किल्ला लढाईवाचून सम्राटाच्या पक्षाच्या हाती गेला, आणि त्याच वर्षी नगराला टोकियो, म्हणजे पूर्वेची राजधानी, असे नवे नाव मिळाले. सव्वादोनशेहून अधिक वर्षे जपानवर राज्य केलेल्या तोकुगावा घराण्यास शिझुओका येथे सात लाख कोकु तांदळाच्या उत्पन्नाची जहागीर देऊन बसवण्यात आले. त्याच्या मागोमाग हजारो चाकरमाने कुटुंबकबिल्यासह तिकडे गेले. जहागीर लहान व माणसे अपार. ज्यांच्या पिढ्या लेखणी आणि तलवार यांवर जगल्या, त्यांतील कित्येकांनी तेथील माळावर चहाची लागवड करून पोट भरले.

या जथ्यात एकवीस वर्षांचा एक तरुण होता. त्याचे नाव कोबायाशी कियोचिका. त्याचा जन्म १८४७ साली सुमिदा नदीपलीकडील होंजो भागात झाला. सारा म्हणून येणारा तांदूळ सरकारी कोठारात उतरवून घेण्याच्या कामावर वडील कनिष्ठ अंमलदार होते. १८५५ च्या भूकंपात घर पडले तेव्हा तो आठ वर्षांचा होता. म्हणजे हिरोशिगेने ज्या नगराची मालिका काढली त्याच नगराच्या ढिगाऱ्यांत हा मुलगा खेळला. नऊ भावंडांत सर्वांत धाकटा असूनही १८६२ साली वडिलांच्या मृत्यूनंतर कुटुंबप्रमुखपद त्याच्याकडे आले. पुढे तो शोगुनाच्या लवाजम्याबरोबर क्योतोस गेला, तोबा-फुशिमीच्या लढाईत होता, आणि पराभवानंतर परत येतो तो नोकरीही गेलेली व सरकारही गेलेले. शिझुओकात हलाखीची पाच-सहा वर्षे काढून तो टोकियोला परतला. दीर्घकाळ दूरच्या ठाण्यावर राहून आपल्या गावी परतणाऱ्यास ओळखीच्या कोपऱ्यावर अनोळखी दुकान दिसले म्हणजे काय वाटते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. कियोचिकाला सारे नगरच तसे दिसले असले पाहिजे.

कारण मधल्या काळात फार काही घडले होते. १८७२ साली शिंबाशी ते योकोहामा ही जपानची पहिली आगगाडी सुरू झाली. त्याच वर्षी एका आगीत गिंझा भाग जळाला, आणि सरकारने वॉटर्स नावाच्या परदेशी वास्तुतज्ज्ञाकडून तेथे विटांच्या इमारतींचा रस्ता बांधून घेतला. डिसेंबर १८७४ मध्ये त्या रस्त्याने गॅसचे ८५ दिवे लागले. तेलाच्या वातीची सवय झालेल्या डोळ्यांना तो उजेड कसा वाटला असेल याची कल्पना आज विजेच्या प्रकाशात बसून करणे अवघड आहे. तत्कालीन ठसेचित्रकारांनी या नव्या वैभवाचे सोहळे काढले ते परदेशाहून आलेल्या भडक लाल-जांभळ्या रंगांत. विटांच्या इमारती, घोडागाड्या, छत्र्या, टोप्या, सारे काही लखलखीत. त्यांत गॅसचे दिवे आहेत, पण त्या दिव्यांचा उजेड नाही. दिवा ही तेथे एक नवी वस्तू आहे, इतकेच.

कियोचिकाने १८७६ साली ‘टोकियोची प्रसिद्ध स्थळे’ ही आपली मालिका सुरू केली. १८८१ पर्यंत तिची ९३ चित्रे निघाली. या चित्रांस ‘कोसेनगा’, म्हणजे प्रकाशकिरणांची चित्रे, असे नाव पडले. साधने जुनीच: तीच फळी, तोच कागद, तीच चकती. बदलला तो विचार. त्याने अनेक ठिकाणी मूळ ठशाची काळी कडा गाळली आणि करड्या-निळ्या रंगांचे थरावर थर देऊन आकार उभे केले. पाश्चात्त्य तैलचित्रे, शिलामुद्रित चित्रे आणि छायाचित्रे यांचा अभ्यास त्यात उघड दिसतो. परंतु नुसत्या उसनवारीने ही चित्रे झाली नसती. पाश्चात्त्य चित्रातील प्रकाश शिकलेले अनेक होते. त्या प्रकाशात उभा राहिलेला माणूस त्या वेळी कियोचिकाएवढा कोणी पाहिला नाही.

‘रात्रीचे निहोंबाशी’ या १८८१ च्या चित्रात नगराच्या मध्यवर्ती पुलावरून माणसे, रिक्षा व घोडागाड्या जात आहेत. गॅसच्या दिव्याभोवती पिवळसर वलय आहे; आणि त्यापुढून जाणारे सारे जण काळ्या आकृती झाले आहेत. त्याच वर्षीच्या ‘शिंबाशी स्थानक’ या चित्रात पावसाळी रात्र आहे. स्थानकाच्या खिडक्या उजळलेल्या, समोरच्या ओल्या जमिनीवर कंदिलांची लांबट प्रतिबिंबे, आणि छत्र्यांखाली लगबगीने जाणारे लोक. एकाचाही चेहरा दिसत नाही. ‘रात्रीची सुमिदा नदी’ यात तर काठावर एक पुरुष व एक स्त्री पाठमोरी उभी आहेत आणि पलीकडच्या तीरावरील दिव्यांकडे पाहत आहेत. नदीत त्या दिव्यांच्या रेघा थरथरत आहेत. याखेरीज चित्रात काहीही घडत नाही. हारुनोबुच्या तरुणीने कंदील धरला होता तो आपला चेहरा दिसावा म्हणून, असे वाटते. येथे दिवा आहे म्हणूनच चेहरा नाहीसा झाला आहे.

आमच्या मते कियोचिकाचा खरा शोध हाच होय. तेलाच्या मिणमिणत्या वातीभोवती अंधार सर्वत्र सारखा असतो. त्यात माणूस थोडा दिसतो, थोडा भासतो, आणि चित्रकार मनाने उरलेला भरून काढतो. प्रखर दिवा आला म्हणजे त्याच्यासमोरचा माणूस काळा पडतो. नव्या उजेडाबरोबर नवा काळोखही रस्त्यावर आला. सरकारी जाहीरनाम्यांत पहिल्याचीच नोंद होती. दुसऱ्याची नोंद या बेकार झालेल्या चाकराने केली. जुन्या एडोच्या चित्रांत प्रत्येकाला चेहरा होता, वेष होता, त्यावरून त्याची जात-धंदा ओळखू येई. नव्या टोकियोच्या दिव्याखाली सामुराई, वाणी, हमाल व कारकून हे सारे एकाच रंगाच्या आकृती झाले. वर्गभेद कायद्याने मोडीत निघाल्याच्या त्या काळात हे चित्र किती नेमके आहे, ते निराळे सांगावयास नको.

येथे एका मतभेदाचा विचार करणे प्राप्त आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात किनोशिता मोकुतारो आणि नागाइ काफू या लेखकांनी कियोचिकाला विस्मृतीतून वर काढले. त्या पिढीला हरवलेल्या एडोची ओढ होती, आणि या चित्रांत तिला ते एडो मावळताना दिसले. तेव्हापासून कियोचिका म्हणजे गतवैभवासाठी झुरणारा पराभूत पक्षाचा चित्रकार, अशी प्रतिमा रूढ झाली. त्याचे चरित्र पाहता असे म्हणण्याचा मोह होतो हे खरे. तथापि चित्रे निराळे सांगतात. १८७९ च्या ‘ताकानावा’ येथील चित्रात झाकोळल्या चंद्राखाली समुद्रकाठच्या बांधावरून आगगाडी धावते आहे. डब्यांच्या खिडक्या पिवळ्या उजळल्या आहेत आणि धुरावर आगीची तांबूस झाक पसरली आहे. झुरणाऱ्या माणसाने ही गाडी काढली नसती, किंवा काढली असती तर राक्षसासारखी काढली असती. कियोचिकाने ती एखाद्या नवलाकडे मुलाने पाहावे तशी काढली. इतके की तिचे इंजिन त्या मार्गावर प्रत्यक्ष धावणाऱ्या इंग्रजी इंजिनासारखे नसून अमेरिकन धाटणीचे आहे. छापील परदेशी चित्रावरून ते घेतले असावे. म्हणजे हा साक्षीदार तपशिलात चुकतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. दुसरीकडे त्याच मालिकेत ‘ओचानोमिझुचे काजवे’ हे चित्र आहे. गर्द काळ्या दरीतून वाहणारे पाणी, त्यावर एक दिवा लावलेली होडी, आणि अंधारात काजव्यांचे ठिपके. गॅसचा दिवा आणि काजवा या दोघांनाही त्याने सारख्याच आस्थेने जागा दिली. जुन्यासाठी रडणे आणि नव्यासाठी नाचणे या दोहोंपासून तो दूर राहिला. पराभूत पक्षाच्या माणसाला हा समतोल साधणे किती कठीण असते, हे इतिहासाच्या अभ्यासकास ठाऊक आहे. त्यामुळेच त्याच्या साक्षीचे मोल अधिक.

या साक्षीची परीक्षा लवकरच झाली. २६ जानेवारी १८८१ रोजी कांदा भागात लागलेली आग वाऱ्याबरोबर र्‍योगोकुकडे पसरली, नदी ओलांडून होंजो-फुकागावापर्यंत गेली, आणि दहा हजारांवर घरे जळाली. कियोचिका वही घेऊन आगीची रेखाटने करीत हिंडत होता. परतला तेव्हा त्याचे स्वतःचे घर जळून गेले होते. त्या रेखाटनांवरून निघालेल्या चित्रांत आकाश पेटले आहे, आणि पुढे गर्दी पाठमोरी, काळी, स्तब्ध उभी आहे. नदीकाठच्या त्या जोडप्याची जी ठेवण तीच या गर्दीची; फक्त पलीकडच्या तीरावर दिव्यांऐवजी आग आहे. चित्रे खपली. मात्र त्याच वर्षी ही मालिका थांबली. त्यानंतर तो विनोदी नियतकालिकांची व्यंगचित्रे, पुस्तकांतील चित्रे आणि चीन व रशिया यांच्याशी झालेल्या युद्धांची ठसेचित्रे काढून जगला, आणि १९१५ साली वारला. प्रकाशचित्रांकडे त्या जोमाने तो परत वळला नाही. त्याचा शिष्य इनोउए यासुजी याने ती वाट पुढे नेली. परंतु तो १८८९ साली ऐन पंचविशीत गेला. तोवर गिंझात विजेचा दिवाही आला होता. नोव्हेंबर १८८२ मध्ये तेथे विजेची प्रखर कमानबत्ती लावली, तेव्हा ती पाहण्यास लोटलेल्या गर्दीचेही एक ठसेचित्र आहे. त्या चित्रात मात्र पुन्हा सर्वांना चेहरे आहेत आणि सर्वजण चकित झालेले आहेत. जुना करार पुन्हा लागू झाला.

पुढील अध्याय विसाव्या शतकाचा. छायाचित्र आणि छापखाना यांनी ठसेचित्राचा रोजचा धंदा बुडवला असता वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने चित्रकार, कोरणारे व छापणारे यांस पुन्हा एकत्र आणले. त्याचा मुख्य चित्रकार कावासे हासुई (१८८३–१९५७). १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि त्यामागोमागच्या आगीत टोकियो व योकोहामा परिसरात एक लाखाहून अधिक माणसे मेली. एकट्या होंजोतील एका मोकळ्या मैदानात आश्रयास आलेली सुमारे ३८,००० माणसे जळाली. वातानाबेचे दुकान, कोरलेल्या फळ्या आणि हासुईच्या रेखाटनांच्या वह्या त्यातच गेल्या. हासुईने नव्याने आरंभ करून जी चित्रे काढली त्यांत १९२६ चे ‘शिन-ओहाशी’ हे आहे. रात्र, पाऊस, लोखंडी पुलाच्या कमानी, विजेचे दिवे, आणि भिजत जाणारी एकच रिक्षा. कियोचिकापासून निघालेला धागा येथे स्पष्ट आहे. पण फरकही तितकाच स्पष्ट आहे. कियोचिकाच्या रस्त्यावर नगर वाहत होते. हासुईच्या रस्त्यावर नगर झोपी गेले आहे. त्याची रात्र अतिशय सुंदर आहे, आणि ती दूरदेशीच्या, विशेषतः अमेरिकेतील, गिऱ्हाइकास जपान म्हणून हवी तशीही आहे.

याच पिढीतील योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) याचा आपल्या देशाशी प्रत्यक्ष संबंध आला. त्याने १९३० च्या अखेरीस हिंदुस्थानचा दौरा केला आणि परतल्यावर बनारस, उदेपूर, अमृतसर इत्यादी ठिकाणांची ठसेचित्रे काढली. ताजमहाल त्याने अनेकदा काढला, त्यात चांदण्यातला व रात्रीचाही आहे. कोरलेल्या त्याच फळ्यांवर रंग बदलून सकाळची रात्र करावयाची ही त्याची हातोटी होती. आग्र्यास असलेल्या आमच्या वाचकांनी ते चित्र मिळाल्यास अवश्य पाहावे. हिरोशिगेच्या छापणाऱ्यांची विरती निळाई यमुनेच्या काठी कशी उतरली ते त्यात दिसते. परंतु नगराच्या रात्रीचा इतिहास म्हणून त्याकडे जाऊ नये. तेथे फळी तीच राहून रंग बदलतो; रात्र ही दिवसाचीच एक छटा होते.

या साऱ्याची अखेर कोठे झाली ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. ९ मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकन विमानांनी टोकियोवर अग्निबाँब टाकले. आसाकुसा, होंजो, फुकागावा, सुमिदेचे दोन्ही काठ, म्हणजे हिरोशिगे व कियोचिका यांच्या चित्रांतील बहुतेक सारी रात्रीची स्थळे, एका रात्रीत भस्म झाली आणि सुमारे एक लाख माणसे मेली. कियोचिका जेथे जन्मला तो भाग भूकंपाने एकदा, आगीने अनेकदा आणि अखेर युद्धाने असा पुनःपुन्हा नाहीसा झाला. आज तेथे उभे असलेले नगर त्या चित्रांशी ताडून पाहावयाचे तर नदीचे वळण आणि पुलांची नावे एवढेच हाती लागते.

अशा वेळी ठसेचित्राचा एक साधा गुण उपयोगी पडतो: ते एक नसते, शेकडो असतात. दुकान जळले, फळ्या जळल्या, चित्रकाराचे घर जळले, तरी वाडगाभर शेवयांच्या मोलाने कोणी विकत नेलेली एखादी प्रत कोठेतरी पेटीत राहते. सरकारी दप्तराने १८७४ साली किती दिवे लागले ते लिहून ठेवले, आणि ते त्याने चोख केले. आकडा ८५ होता हे आपणांस त्याच्यामुळेच कळते. त्या दिव्यांखालून घरी जाणारा माणूस कसा दिसत होता हे मात्र एका नोकरी गेलेल्या चाकराने लिहून ठेवले. नगराचा इतिहास लिहिणाऱ्यास या दोन्ही नोंदी लागतील.